दाबलेलं बटण

शनिवार, १५ नोव्हेंबर
दुपारी दोन वाजून वीस मिनिटं

प्रिय छोट्या,

आज सकाळी साडेसहाला उठलो. चहा केला. साडेनऊला मोबाइल दुरुस्तीच्या दुकानाचं शटर वर जायच्या आधीच मी बाहेरच्या पायरीवर हजर होतो. अकरा वाजून दहा मिनिटांनी तुझ्या ताईचा फोन सुरू झाला. एक वाजेपर्यंत तिथेच होतो. मग चालत घरी आलो, हातपाय धुतले आणि कागद घेऊन टेबलाशी बसलो. आजचा दिवस इतकाच आहे.

आधी तारीख, मग वेळ, मग काय पाहिलं ते, आणि मत सगळ्यात शेवटी, ही सवय मला माती तपासणीच्या प्रयोगशाळेने लावली. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या शेतातली माती चाळल्यावर माणूस असाच होतो. ताई म्हणायची, हे आमच्या लग्नाची गोष्टसुद्धा नमुना क्रमांक घालून सांगतात. तू हसायचास. तरी आज मला त्याच पद्धतीने लिहू दे. दुसरी पद्धत मला येत नाही, आणि मत आधी लिहिलं तर पुढचं लिहून होणार नाही.

आपण एकाच गावात राहतो, बसने पंधरा मिनिटांवर, आणि मी तुला पत्र लिहितोय याचं तुला नवल वाटेल. पण मंगळवारपासून तू माझा फोन उचललेला नाहीस. समोरासमोर बोलायचं म्हटलं तर माझी अडचण तुला ठाऊक आहे. बावीस वर्षांत मी सलग चार वाक्यं बोललोय असं फक्त एकदाच झालं, तुझ्या शाळेत, तू प्रयोगाच्या तासाला पडदा जाळलास तेव्हा. तू अकरा वर्षांचा होतास, आमच्याकडे राहायला येऊन दीड महिना झाला होता. मुख्याध्यापकांनी विचारलं, तुम्ही मुलाचे कोण? मी म्हटलं, भाऊजी. ताईने बाजूने चिमटा काढला आणि म्हणाली, पालक म्हणा हो, पालक. आम्हाला मूल झालं नाही, याची चर्चा आमच्यात फारशी कधी झाली नाही. तू होतास. भरल्यासारखं वाटायचं घर.

ताई गेल्यावर दोन दिवसांनी, सहा सप्टेंबरला, शीतगृहाच्या कंपनीचा माणूस तिच्या वस्तूंची पिशवी घेऊन आला. तू तेव्हा डोळ्यांवर पट्ट्या बांधून इस्पितळात होतास, म्हणून पिशवीवर सही मी केली. आत तिचा एप्रन होता, चष्मा, डबा, लॉकरची किल्ली आणि फोन. एप्रनला अमोनियाचा वास इतका होता की मी तो गच्चीवर नेऊन ठेवला. फोन बंद होता. चार्जिंगला लावला तर पडद्यावर फोनच्या कंपनीचं चिन्ह आलं, फोन एकदा थरथरला, काळा झाला, आणि परत चिन्ह आलं. परत थरथर, परत काळा. मी घड्याळ लावून पाहिलं. बेचाळीस सेकंदांचं एक चक्र होतं. बॅटरी संपेपर्यंत ते चालायचं आणि चार्ज केला की पुन्हा पहिल्यापासून. तो ड्रॉवरमध्ये ठेवला तर ड्रॉवर थरथरायचा. मी स्वयंपाकघरात असलो तरी ऐकू यायचं. शेवटी मी चार्जिंगला लावणंच सोडून दिलं, पण बेचाळीस सेकंद मोजायची सवय काही दिवस गेली नाही.

त्या वेळी मला त्या फोनमधून फक्त तिचा आवाज हवा होता. दुसरं काही नाही. माझ्या फोनमध्ये तिचा आवाज नाही, कारण मी तिला फोन करायचो तो दोन मिनिटांसाठी आणि ती मला निरोप पाठवायची ते लिहून. आवाजात निरोप ती फक्त तुला पाठवायची. मशीनरूममध्ये हातमोजे घातलेले असायचे, टाइप करता यायचं नाही, आणि तू वाचत नाहीस पण ऐकतोस, असं ती म्हणायची.

तू बरा होऊन पहिल्यांदा घरी आलास तेव्हा फोन टेबलावर होता. तू त्याच्याकडे पाहिलंस आणि म्हणालास, भाऊजी, ठेवा ना तो आत, कशाला जिवाला त्रास. मला बरं वाटलं, काळजी करणारं कुणी आहे म्हणून. दुसऱ्यांदा आलास तेव्हा म्हणालास, माझ्या ओळखीचा एक आहे, सॉफ्टवेअर मारून देईल, फोन नव्यासारखा होईल. मी विचारलं, आतलं राहील का? तू म्हणालास, आतलं जाईल थोडं, पण तसंही आत काय असणार, दाबाच्या गेजचे आणि पट्ट्यांचे फोटो. मी बघतो म्हटलं. तू गेलास. मी कपबश्या विसळल्या. त्या वेळी मला त्यात काही वाटलं नाही. तिने पट्ट्यांचे फोटो काढले होते हे मलासुद्धा माहीत नव्हतं, हे माझ्या लक्षात येईपर्यंत पंधरा दिवस गेले.

पट्ट्या मीच दिल्या होत्या. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ती म्हणाली की थंडाव्यासाठीचा अमोनिया फिरतो त्या लाइनवर दोन नंबरच्या व्हॉल्व्हपाशी वास येतो, पण शीतगृहात इतकी वर्षं काढल्यावर नाकावर भरवसा राहत नाही. मी प्रयोगशाळेतून लाल लिटमसचं एक पुस्तक आणून दिलं. पट्टी ओली करायची, सांध्याजवळ धरायची. अमोनिया असेल तर निळी होते. शाळेतल्या पोरांचा प्रयोग. ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आली आणि म्हणाली, तुमची पट्टी लाजली हो, जांभळी झाली. आम्ही हसलो. मी विचारलं, फिकट की गडद? ती म्हणाली, फिकट. मी म्हटलं, मग लक्ष ठेव.

ऑक्टोबरमध्ये कंपनीचं पत्र आलं. ते तू वाचलं आहेसच, त्यासोबत तुझा जबाब जोडलेला आहे. ऑपरेटरने चालू लाइनवरचा नट परवानगीशिवाय स्वतः आवळला, मास्क लावला नव्हता, तक्रारवहीत कोणतीही तक्रार नोंदवली नव्हती. निष्कर्ष: ऑपरेटरचा निष्काळजीपणा. देखभाल विभागाचा प्रमुख म्हणून तुझी सही, आणि त्याच्या वर तुझं वाक्य, माझ्याकडे कसलीही तक्रार आलेली नव्हती. मी ते वाचलं आणि घडी घालून ठेवलं. मला तुझा राग आला नाही. मला वाटलं, खरंच आली नसेल. मग मला तिचाच राग आला, बावीस वर्षांत पहिल्यांदा. एवढी हुशार बाई, वहीत एक ओळ का लिहिली नाही? त्या रागात मी फोन बाहेर काढला.

घरी मी काय केलं ते सांगतो. कुठेतरी वाचलं की पॉवरचं आणि आवाजाचं बटण एकत्र दाबून धरलं की एक काळा पडदा येतो. तो आला. त्यावर इंग्रजीत पाच-सहा ओळी होत्या. आवाजाच्या बटणाने ओळ खालीवर सरकते. एक ओळ फोन परत सुरू करायची, एक तात्पुरता साठा पुसायची, आणि एक सगळंच पुसून टाकायची. मी वहीत ओळी उतरवून घेत होतो, तेवढ्यात पडदा आपोआप हलला. मी काही दाबलं नव्हतं. फोन बंद झाला आणि परत चिन्ह, थरथर, काळा. मी तसं तीनदा केलं. त्यात धोका काय होता, ते पुढे येईल.

गेल्या शनिवारी, आठ तारखेला, मी तो त्या दुकानात नेला. जिन्याखालची जागा, रुंदी माझ्या दोन हातांएवढी. आत एक बाई बसते, कपाळावर भिंगाचा पट्टा, वडील घड्याळजी होते म्हणे. तिला सगळे भिंगवाली म्हणतात, तिच्या तोंडावरसुद्धा. तिने पहिला प्रश्न विचारला, काका, फोन हवाय की फोनमधलं हवंय? मी म्हटलं, फोनमधलं. मग फोनची दया करू नका आणि माझ्या मागे घाई लावू नका, ती म्हणाली. बॅकअप आहे का विचारलं. नव्हता, नेट लवकर संपतं म्हणून ताईने तो बंद करून ठेवला होता. आतली चिप काढून दुसऱ्या फोनला लावता येईल का, असं मी विचारलं. ती म्हणाली, पूर्वी यायची, आता फोन स्वतःलाच कुलूप घालतात, हाच फोन उठला पाहिजे आणि यालाच कुलूप उघडून दिलं पाहिजे. कुलपाचा आकडा मला ठाऊक होता. ताईने तो कधी लपवला नव्हता.

तिने मागचं झाकण तापवून सोडवलं, आत भिंगातून पाहिलं. मग म्हणाली, हा कुठे बुडवला होता? पाण्याने असं होत नाही, पाण्याने पांढरं धरतं. तिने मला भिंग दिलं. बाजूच्या बटणापासून आत जाणारी तांब्याची बारीक पट्टी निळी-हिरवी झाली होती, फुगून, मोरचूद धरल्यासारखी. छोट्या, तांब्यावर अमोनिया काय करतो हे मी परीक्षानळीत शेकडो वेळा पाहिलंय. सुंदर निळा रंग येतो. विद्यार्थ्यांना तो फार आवडतो. मी भिंग परत दिलं आणि कामाच्या जागी वाफ लागली असेल, एवढंच बोललो.

तिने जे सांगितलं ते मी तिच्याच शब्दांत लिहितो, कारण मला ते नीट लक्षात आहे. बटण कुणी दाबलेलं नाही, पण फोनला वाटतं दाबलंय. तारा आतून चिकटल्यात. बिचारा उठतो, बघतो तर कुणीतरी बटण दाबून बसलंय, की परत झोपतो. तुम्ही जन्मभर सॉफ्टवेअर मारलं असतं तरी हा उठला नसता. आतलं सगळं गेलं असतं आणि दाबलेलं बटण दाबलेलंच राहिलं असतं. मग मी तिला काळ्या पडद्याचं सांगितलं. तिने भिंग वर सरकवलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी खाली मान घातली. काका, ती म्हणाली, त्या पडद्यावर पॉवरचं बटण म्हणजे 'हो'. आणि तुमच्या फोनवर कुणीतरी सारखं 'हो' म्हणतंय. तुमची ओळ नेमकी त्या पुसायच्या ओळीवर असती तर तुम्ही बघत बसला असता आणि तो पुसला गेला असता. तीनदा केलंत? देवाला मानत नसाल तर आजपासून माना.

तिने पट्टी कापून वेगळी केली, आतलं स्पिरिटने धुतलं आणि म्हणाली, अजून दोनदा धुवून वाळवायला हवं, ओलावा असताना वीज दिली तर राहिलेलंही जळेल. आठवडाभर ठेवा. आणि हा एकदाच उठेल असं धरून चाला. उठला की आधी आतलं उतरवायचं, मग रडायचं ते रडा. पावती माझ्या नावाने केली.

रविवारी तू फोन केलास तेव्हा मी तुला दुकानाचं सांगितलं. आनंदाने सांगितलं. तू विचारलंस, कुठलं दुकान? तेही सांगितलं.

तू मंगळवारी तिथे गेला होतास. आज भिंगवालीने सहज सांगितलं, हसत हसत. तुमचा मेहुणा गोड बोलतो हो, म्हणाली. त्याने सांगितलं की काकांची प्रकृती बरी नाही, फोनमधलं बघून त्यांना आणखी त्रास होईल, तुम्ही सगळं उडवून कोरा करून द्या, मी जबाबदार. तिने त्याला उत्तर दिलं म्हणे, दादा, पावती आणा, मग फोन काय, दुकान उडवून देते. तिने ते मला विनोद म्हणून सांगितलं. मीही हसलो. मग मला बसायला स्टूल मागावं लागलं.

अकरा दहाला चिन्ह आलं. थरथरला. मी मनात मोजायला सुरुवात केली. चाळीस, एकेचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस. चव्वेचाळीसला ताईने काढलेला आपल्या गच्चीवरच्या कुंडीचा फोटो आला, पडद्यावर, वेळ आणि तारखेसकट. भिंगवालीने वायर जोडली, मला कानात घालायला स्वतःचे इअरफोन दिले आणि पाठ करून दुसऱ्या फोनला लागली.

पट्ट्यांचे फोटो अडतीस आहेत. १२ ऑगस्ट ते ४ सप्टेंबर. रोज पाळी सुरू होताना एक, आणि बहुतेक दिवशी संपताना एक. हातमोज्यातली बोटं, त्यात पट्टी, मागे व्हॉल्व्हवर रंगवलेला आकडा. बारा तारखेला फिकट जांभळी. वीसला निळी. मी अशा पट्ट्यांवरून आयुष्यभर अंदाज बांधत आलोय. क्रमाने पाहिल्या की तुलाही कळतील. कंपनीच्या पत्रासोबत देखभालीच्या नोंदींचं पान आहे, त्यावर पंचवीस ऑगस्टला तुझ्या अक्षरात लिहिलंय, दोन नंबर, पॅकिंग बदललं, ठीक. सव्वीसची पट्टी चोवीसपेक्षा गडद आहे; सांध्यात नवं पॅकिंग बसलं असतं तर फिकी झाली असती. शिवाय एक फोटो मास्कच्या खुंटीचा आहे. खुंटीवर मास्क नाही.

आवाजातले निरोप नऊ. सगळे तुला. सगळ्यांखाली तू ऐकल्याची खूण आहे. तुझी उत्तरं लेखी आहेत: हो ताई. बघतो ताई. पॅकिंग मागवलंय, आलं की बदलतो. आणि बावीस तारखेला, वहीत लिहू नकोस ना प्लीज, एक मेमो आधीच आहे, दुसरा आला तर घरी बसवतील. तिचं उत्तर पाच मिनिटांनी: नाही लिहीत रे, पण तू ये. तुझा जुना फोन पाण्यात पडला आणि तू नवा घेतलास, हे मला तेव्हा दुर्दैव वाटलं होतं.

चार सप्टेंबर, सकाळी नऊ वीसचा निरोप तू ऐकला आहेस, तरी मला तो लिहून काढायचा आहे. छोट्या, दोन नंबर आज फुसफुसतोय, कुठे आहेस तू? ये लवकर, तोवर मी नट जरा आवळून बघते. आणि ऐक, चार नंबरचीही पट्टी निळी झालीये, एकाच वेळी आणलेले दिसतात मेले. नाश्ता केलास का? तुझं उत्तर नऊ एकतीसला: हात लावू नको, थांब, आलो. ते तिच्या फोनवर न वाचलेलंच होतं. तू आलास, हे मला माहीत आहे. ओल्या फडक्याशिवाय काही नसताना तू आत शिरलास आणि तिला बाहेर ओढलंस, तुझे डोळे त्यातच गेले असते. ते मी विसरलेलो नाही. हे पत्र लिहिताना एकदाही विसरलेलो नाही.

आता एकोणीस ऑगस्टचा निरोप. हा तिने आपल्या स्वयंपाकघरातून पाठवला आहे, मागे भांड्यांचा आवाज येतो. ती म्हणते, छोट्या, मी उद्या वहीत लिहितेय हं, मग म्हणू नकोस सांगितलं नाही. आणि मागून एका पुरुषाचा आवाज येतो, अगदी स्पष्ट. वहीत कशाला? लेखी गेलं की त्याच्या नोकरीवर येईल. घरचा माणूस आहे, घरीच सांग ना. मग ती हसते आणि तुला म्हणते, ऐकलंस? तुझा वकील बोलतोय. निरोप तिथे संपतो. तो आवाज माझा आहे. मला ते वाक्य आठवत नव्हतं. आजसुद्धा आठवत नाही, फक्त ऐकू येतं. जे लिहिलेलं नाही ते घडलेलंच नाही, असं मी प्रत्येक नव्या उमेदवाराला पहिल्या दिवशी सांगतो. घरात मात्र मी तिला उलटं सांगितलं, आणि तिने माझं ऐकलं. कोरी वही तुझी एकट्याची नाही, छोट्या. आपण तिघांनी मिळून ती कोरी ठेवली, आणि तिघांपैकी जी खरं बोलत होती तिच्याच नावावर ती चढली.

इअरफोन काढून मी भिंगवालीला विचारलं, हे सगळं पुसायचं झालं तर किती वेळ लागेल? ती म्हणाली, आता काही अडत नाही, दोन मिनिटं. तिने वळून पाहिलं नाही. मी स्टुलावर बसून राहिलो. मला तुझं पहिलं वर्ष आठवलं, ताई तुझी दप्तरं शिवायची ते, आणि मला माझा तो आवाज आठवला, समजूतदार, बरा माणूस वाटणारा. पुसलं असतं तर दोन घरं वाचली असती असं मला खरंच वाटलं. किती वेळ वाटत होतं, ते मी मोजलं नाही. मग तिने विचारलं, काका, उतरवू? मी म्हटलं, उतरवा. दोन ठिकाणी.

घरी येताना चार नंबरचा विचार डोक्यातून जात नव्हता. मी शीतगृहात फोन लावला. फळांची आवक कमी म्हणून आज-उद्या पाळ्या बंद आहेत, पहारेकऱ्याने उचलला. मी माझं नाव सांगितलं आणि म्हटलं, चार नंबरच्या व्हॉल्व्हला गळती आहे, एवढं वहीत लिहून ठेवा. तो म्हणाला, वही साहेबांच्या कपाटात असते, किल्ली त्यांच्याकडेच. कुठले साहेब, हे मी विचारलं नाही. अपघाताची चौकशी करणाऱ्या कारखाना निरीक्षकांच्या कार्यालयात फोन वाजत राहिला. शनिवारी तिथे कुणी नसतं.

तर हे पत्र यासाठी. सोमवारी अकराला निरीक्षकांपुढे सुनावणी आहे, आणि तिथे मी दोन्हीपैकी एक प्रत देणार आहे, माझ्या आवाजासकट. पण पहिली पाळी सकाळी सहाला सुरू होते. चार नंबरच्या खाली बारा बायका फळं निवडायला बसतात, आणि मशीनरूममध्ये ताईच्या जागी ती नवीन मुलगी असते, ताईने जिला पाना धरायला शिकवला. सहा ते अकरा, पाच तास. किल्ली तुझ्याकडे आहे. ती लाइन वेगळी कशी करायची हे या गावात तुझ्याइतकं कुणाला येत नाही. आजच जा. ती बंद कर आणि तुझ्या हाताने वहीत लिही, तारीख आणि वेळ घालून. त्यानंतर सोमवारी माझ्या आधी तू उठून सांगितलंस तर मी तुझ्या शेजारच्या खुर्चीवर बसेन आणि माझं मी सांगेन. तू केलं नाहीस तर मी साडेपाचला गेटवर उभा असेन, एकेकीला थांबवून फोटो दाखवत. मला बोलता येत नाही, पण अडतीस पट्ट्या दाखवता येतील. हे पत्र मी चारच्या बसने येऊन तुझ्या दाराखालून आत सरकवणार आहे. बेल वाजवणार नाही. मघाशी एक अंडं उकडत ठेवलं होतं, ते आता झालं असेल. सोलून, मीठ लावून खातो आणि निघतो.

तुझाच,
भाऊजी